उजवीकडे कोण बसलं आहे

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजोबा, दिवसभर तुम्हीच घेता ना हिला? मग घ्या बरं, रोज घेता तसंच." मी आरोहीला घेतलं. घेतलं म्हणजे मी काही केलं नाही. डावा हात आपोआप वाकला आणि ती त्यात आपोआप मावली. डोकं माझ्या डाव्या कोपरात, पाय उजव्या बरगडीकडे, तोंड माझ्या छातीकडे. तिनं एक सुस्कारा सोडला आणि सदऱ्याचं बटण चोखायला लागली. डॉक्टरबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या कोपराकडे, आणि त्या हसल्या. "सापडलं," म्हणाल्या. पाच महिन्यांची माझी नात. मान सारखी उजवीकडेच ठेवते, डोक्याची मागची उजवी बाजू चपटी झालेली, कुशीवर वळायचं नाव नाही, म्हणून तिला इथे आणलेलं. दोन डॉक्टर झाले होते. त्यांनी तपासून या बाईंकडे पाठवलं. आणि सापडलं ते काय, तर माझा डावा हात. "नस नाही, हाड नाही, काही नाही," डॉक्टरबाई माझ्या सुनेला, स्वप्नालीला, सांगत होत्या. "हिला जग एकाच बाजूला दिसलंय. आजोबांचं तोंड उजवीकडे, छाती उजवीकडे, बटण उजवीकडे. डावीकडे बघायचं तिला कारणच पडलं नाही. म्हणून त्या बाजूचे स्नायू आखडलेत. औषध नाही. हात बदला आणि खेळवा. पोटावर ठेवून खेळवा, डावीकडून खेळवा. तीन आठवड्यांनी आणा. नाही सुटली तर मग संभाजीनगरला पुढच्या तपासण्या." त्यांनी एक छापील कागद दिला. तो मी घेतला. स्वप्नालीनं माझ्या हातातून पोरगी घेतली.

पोरगी घेतली, हे मला रिक्षात बसल्यावर जाणवलं. येताना ती माझ्याकडे होती. जाताना मी डावीकडे बसलो, स्वप्नाली पोरगी घेऊन उजवीकडे बसली आणि माझा डावा हात मांडीवर पडून राहिला, तसाच वाकलेला. त्याला सरळ व्हायचं सुचेना. बीडचा रस्ता माझ्या बाजूनं मागे जात होता. फळांचे गाडे, टायरची दुकानं, एका लग्नाच्या मंडपाचे उघडे बांबू. मी ते सगळं बघत होतो आणि कान मागे लावून ऐकत होतो. स्वप्नाली काहीच बोलत नव्हती. एकदा तिनं नाक ओढलं. एरवी ही पोर रिक्षात बसली की रिक्षावाल्याशी बोलते, भाड्यावरून बोलते, उन्हावरून बोलते. आज गप्प. मी मनात म्हटलं, बरोबर आहे तिचं. ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात ती दिवसभर उभी असते, माझा मुलगा लखन मांजरसुंब्याला चौकात टायरचं दुकान चालवतो, दोघं सकाळी जातात ते माझ्या भरवशावर. आणि मी त्या भरवशाला एका बाजूनं चपटं केलं.

पन्नास वर्षं मी मेंढ्या राखल्या. माणसाच्या उजव्या हातात काठी असते, म्हणून कोकरू डाव्या हातात. असं कुणी शिकवत नाही. माझ्या बापाचं तसंच होतं, धाकट्या भावाचं, म्हाळूचं, आजही तसंच आहे. पाटोद्याकडच्या डोंगरातून गोदाकाठाला उतरताना वाटेतच मेंढी व्याली तर कळप थांबत नाही. ओलं कोकरू उचलायचं, डाव्या कोपरात धरायचं आणि चालत राहायचं. ते कोकरू आधी थरथरतं, मग बरगडीची ऊब लागली की शांत होतं, आणि त्याचं काळीज तुमच्या काळजाशेजारी इतकं जोरात पळत असतं की थोड्या वेळानं कुणाचं कुठलं ते कळत नाही. मी मान डावीकडे वाकवून त्याच्याकडे बघायचो. जिवंत आहे का, श्वास चालतोय का. किती कोकरं त्या हातावरून गेली असतील. गुडघे गेले तेव्हा मेंढ्या म्हाळूच्या हवाली केल्या आणि मी लखनकडे आलो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. वर्षभर तो हात रिकामा होता. मग आरोही झाली. दवाखान्यातच नर्सबाईंनी तिला माझ्याकडे दिलं आणि हात वाकला. मला वाटलं, हात घरी आला. मी तिला उठल्यापासून झोपेपर्यंत घेऊन फिरायचो. शेजारच्या बाया म्हणायच्या, असा आजा नशीबवानाला मिळतो. आणि मी फुगायचो.

घरी आल्यावर स्वप्नालीनं आरोहीला सतरंजीवर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन आईला फोन लावला. मला अर्धंच ऐकू आलं. "तू ये आई. तीन आठवडे तरी ये." मी कागद उघडला. पहिल्या चित्रात बाळ पोटावर. दुसऱ्यात छातीखाली टॉवेलची वळकटी. तिसऱ्यात बाळ मोठ्या माणसाच्या छातीवर पालथं. चौथ्यात डाव्या बाजूला खुळखुळा. पाचव्यात एक माणूस बाळाच्या शेजारी आडवा झालेला. खाली लिहिलेलं: बाळ जागे व आनंदी असताना, दिवसातून पाच-सहा वेळा, थोडा थोडा वेळ. कुणीतरी सतत जवळ असावे. मान हाताने ओढू नये. बाळ रडल्यास थांबावे. मी ते ओठ हलवत वाचलं. मला अजून ओठ हलवल्याशिवाय वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी उजवा हात वाकवला. तो वाकला, पण घरात पाव्हणा येऊन बसावा तसा. कुठे टेकायचं, काय धरायचं, त्याला माहीत नाही. या हाताला फक्त काठी माहीत होती. वळवणं, हुसकणं, लांडग्याच्या दिशेनं भिरकावणं. मी आरोहीला त्यात ठेवलं तर तिचं डोकं घरंगळलं, मी घाईघाईनं सावरलं. आता माझी छाती तिच्या डावीकडे होती. ती तिकडे वळेचना. तिनं नेहमीसारखी मान उजवीकडे टाकली, म्हणजे माझ्याकडे पाठ फिरवली, आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिली. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या हातावर होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "आरोही, आगं इकडं हाय मी." खिळा तिला जास्त आवडला होता.

पण उजव्या हाताला काठीशिवाय आणखी एक गोष्ट येत होती, ती मला संध्याकाळी आठवली. घाटनांदूरकडे राधाकिशन गुरुजींचं शेत होतं. दरवर्षी खतासाठी आमच्या मेंढ्या त्यांच्या शेतात बसायच्या. मी साठीला आलेलो. एका वर्षी त्यांनी विचारलं, "आश्रुबा, यंदा ज्वारी देऊ का आणखी काही?" मी म्हटलं, अक्षरं द्या. बोलून गेलो आणि लाजलो. गुरुजी लाजले नाहीत. बांधावर बसवून त्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली. मी ती अशी आवळली की टोक मोडलं. दुसरी मोडली. तिसरी मोडल्यावर म्हणाले, "काठी धरल्यासारखी धरू नका हो. कोकरू धरता तशी धरा." मी म्हटलं, "गुरुजी, कोकरू डाव्या हातात असतंय." ते म्हणाले, "मग डाव्याला म्हणावं, उजव्याला शिकव." मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. दोन वर्षं लागली. पण उजव्या हाताला ढिलं धरायची सवय झाली ती तिथेच. आता मी सतरंजीवर बसलो, डोळे मिटले आणि डाव्या हाताला विचारलं, तू काय करतोस? कोपर किती उघडं ठेवतोस? तळवा कुठे असतो? डाव्यालाही सांगता येईना. त्यानं फक्त करून दाखवलं. मी ते उलटं करून उजव्यात घातलं, हळूहळू, अक्षर गिरवतात तसं. तिसऱ्या दिवशी आरोहीनं उजव्या हातावर सुस्कारा सोडला. तोंड भिंतीकडेच, पण सुस्कारा नेहमीचाच होता.

चौथ्या दिवशी पाटोद्याहून विहीणबाई आल्या. तुळजाबाई. ठेंगण्या, खणखणीत, आल्या तशा पिशवी दाराच्या मागे अडकवून म्हणाल्या, "कुठं हाय माझी वाकडी?" मी म्हटलं, "वाकडी न्हाई. एका बाजूची हाय." "तेच ते. इवाईबुवा, तुमी मेंढरं वाढवली, लेकरं आमी वाढवली. आता बघा." त्यांनी लुगड्याचा ओचा खोचला, वाटीत तेल घेतलं आणि आरोहीला पायांवर आडवं घेतलं. "तेल जिरवायचं अन् एक झटका द्यायचा. मान जागच्या जागी." मी उठलो कसा ते मला कळलं नाही. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. मी वाटी उचलली. "झटका न्हाई द्यायचा." "कावून?" "कागदात न्हाई म्हणलंय." "कागदाला लेकरं किती?" मी कागद आणला आणि त्यांच्यापुढे बसून वाचला. मान हाताने ओढू नये. बाळ रडल्यास थांबावे. त्या ऐकत राहिल्या. हात तेलाचे, हवेतच. मग म्हणाल्या, "परत वाचा." मी परत वाचलं. "खेळत खेळत, आसं लिवलंय?" "आसंच लिवलंय." "लेकरू रडलं तर थांबा, आसं?" "आसंच." त्यांनी तेल आपल्याच पायांना पुसलं. "हे बरं लिवलंय," म्हणाल्या, "आमच्या येळंला आसलं कुनी लिवलं न्हवतं." मग थोड्या वेळानं, पोरीचे तळवे चोळत, आवाज खाली आणून बोलल्या, "पण आयका. तीन आठवड्यात न्हाई वळली तर मी हिला पाटोद्याला नेणार. तुमचा हात आता लेकराला सोसंना. राग मानू नका." मी म्हटलं, राग कशाचा. दुसऱ्या दिवशी बघितलं तर दारामागच्या त्या पिशवीत आरोहीची झबली घडी करून ठेवलेली होती.

त्या पिशवीकडे मी बघायचो नाही. पण ती माझ्या डाव्या हाताला असायची, म्हणून दिसायचीच.

मग मी जोर केला. पोटावर ठेवली की आरोही दोन मिनिटं टक लावून सतरंजीच्या रेघा बघायची, मग नाक घासायची, मग भोकाड. वळकटी ठेवली की तीन मिनिटं. माझ्या छातीवर पालथी घातली की मात्र मजेत, पण तिथेही डावा कान वर, उजवा कान माझ्या काळजावर, असं कधी होईना. नेहमी उलटं. मी म्हाळूला फोन करून कळपापुढे चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यातली जुनी घंटा मागवली. डावीकडून वाजवली. आरोहीनं डोळे डावीकडे नेले, जेवढे जातील तेवढे, पांढरं दिसेपर्यंत, आणि मान उजवीकडेच. कळशीतलं पाणी हिंदळलं तरी कळशी सरळ उभी, तसं. तुळजाबाई खदखदून हसल्या. मग मी हाक दिली. माझी स्वतःची हाक, जिभेच्या शेंड्यावरून सोडलेली, जिच्यावर तीनशे मेंढ्या डोंगराच्या पलीकडून माना वर करायच्या. हुर्र, हुर्र, ह्या. आरोहीला उचकी लागली. "इवाईबुवा, मेंढरं संपली म्हणून माझ्या नातीला हाकायलात का?" "हाकत न्हाई, बलावतोय." "मग येती का?" "न्हाई." "कावून?" "तिला कळप ठाव न्हाई." "ठाव नसंल कशी? दोन म्हातारी मेंढरं दिसायलीत की समोर!" आणि आम्ही दोघं हसत सुटलो, आणि आरोही, उचक्या देत देत, हसणाऱ्यांकडे बघायला म्हणून हललीसुद्धा. पण उजवीकडून.

अकरावा दिवस असेल. लखन आणि स्वप्नाली कामाला गेलेले. तुळजाबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. मी कागद पुन्हा वाचत होतो आणि पाचव्या चित्राखालच्या ओळीवर ओठ थांबले. बाळाच्या डाव्या बाजूस, त्याच्या पातळीवर तोंड आणून बोलावे. पातळीवर. हा शब्द मी रोज वाचत होतो आणि रोज वरून बोलावत होतो, बसून, वाकून, उभं राहून. मी घोंगडी पसरली. आरोहीला वळकटीवर पालथं ठेवलं. आणि तिच्या डाव्या बाजूला मी स्वतः पोटावर झोपलो. किती वर्षांनी. लहानपणी ओढ्याचं पाणी असंच प्यायचो, शेळी-मेंढीसारखं, पालथं पडून, तोंड पाण्याला लावून. नाकात घोंगडीचा वास गेला, लोकरीचा, धुराचा, पावसात भिजून वाळलेल्या दिवसांचा, आणि फरशीचा गारवा पोटातून वर आला. समोर खुर्चीचे पाय झाडांएवढे. एक मुंगी चालली होती, चांगली डौलात. मला वाटलं, हे आहे होय हिचं गाव. मी मान उजवीकडे वळवली, म्हणजे तिच्याकडे. म्हणजे वळवायला गेलो. मान थोडी गेली आणि थांबली. कुणीतरी कानामागून दोरी धरून ओढावी तशी. मी पुन्हा जोर केला. खुर्चीचा पाय दिसला, वळकटीचं टोक दिसलं, आरोहीची मूठ दिसली. तोंड दिसेना.

"काय झालं? अडकलात का?" तुळजाबाईंनी विचारलं. "मान वळंना." "माहीत हाय की, म्हणून तर हे सगळं." "तिची न्हाई वो. माझी." शेंगांचं सूप बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग तोंडात पदर घालूनही न मावणारं हसू. "आगं बाई, म्हणजे एकाच साच्यातली निघाली की दोगं!" मी तसाच पडून राहिलो, गाल घोंगडीवर, आणि मला हसू येत होतं आणि त्या हसण्याच्या खाली काहीतरी सरकत होतं. पन्नास वर्षं मान डावीकडे. कोकराकडे. उजवीकडून कोण येतं, कोण बोलतं, मी कधी बघितलंच नव्हतं. बाजारात लोक म्हणायचे, आश्रुबा माजलाय, रामराम घेत नाही. ते उजवीकडून रामराम घालत असणार. आणि सुंदरबाई. माझी बायको जाऊन सात वर्षं झाली. ती नेहमी माझ्या डावीकडून चालायची. घाटात, चिखलात, गोदाकाठच्या वाळूत, कुणाच्या लग्नाच्या पंगतीला बसताना सुद्धा. उजवीकडे जागा रिकामी असली तरी वळसा घालून डावीकडे यायची. मला वाटायचं, कोकराच्या ओढीनं. एकदा मी चिडून म्हटलं होतं, "सारखी ह्याच अंगाला कावून येती? जागा तर तिकडं मोकळी हाय." चुलीपुढे बसलो होतो. ती म्हणाली होती, "तिकडं बसले तर तुमाला मी दिसतच न्हाई की." मी ते थट्टा म्हणून सोडून दिलं. ती थट्टा नव्हती. तिला माझी मान माहीत होती. तिनं कधी मला वळायला सांगितलं नाही, स्वतः वळसा घेतला, आयुष्यभर. घोंगडीवर पडल्या पडल्या मला तिच्या पायांतल्या जोडव्यांचा आवाज आठवला, डाव्या कानात. उजव्या कानात तो आवाजच नव्हता.

त्या दिवसापासून व्यायाम दोघांचा झाला. तुळजाबाई पंच. सकाळी पोरीचं दूध जिरलं की घोंगडी पडायची. "व्हा आडवे," त्या म्हणायच्या, "लेक तयार हाय, आजाच मागं." आरोही छाती उचलायची, मीही उचलायचो. ती हुंकार द्यायची, मी त्याला हुंकार द्यायचो. मी उजवीकडे ताणायचो, कानामागची दोरी दुखायची, आणि मग एकेक करून मला तिच्यातलं काही ना काही मिळायचं. पहिल्या दिवशी मूठ. दुसऱ्या दिवशी खांदा. मग कान, कानामागची मऊ लव. रोज थोडं जास्त. कोकरासारखं एकदम हातात आलेलं नाही, तर मिळवलेलं. तीही काहीतरी मिळवत असावी. डोळे पहिल्यांदा डावीकडे यायचे, मग भुवई, मग नाकाचा शेंडा. लखन एकदा लवकर घरी आला, दारातच थांबला. बाप पालथा, पोरगी पालथी, सासू उंबऱ्यात बसून "आजून, आजून, इवाई, लाज घालवू नका" असं ओरडणारी. "आण्णा, काय चाललंय बे हे?" त्याच्या तोंडातून निघून गेलं आणि मग तो जीभ चावून हसत आत आला. बापाला बे म्हणाला म्हणून सासूनं त्याला शेंग फेकून मारली. घरात असं हसणं सुंदरबाई गेल्यापासून झालं नव्हतं. फक्त स्वप्नाली संध्याकाळी यायची, पोरीला उचलायची, माझ्याकडे बघून काही विचारायची, "मामा, जेवलात का," एवढंच. मी हो म्हणायचो. रिक्षातली तिची ती गप्प बाजू माझ्या मनात तशीच बसलेली होती. पोरगी वळली तर ती बोलेल, असं मी धरून चाललो होतो.

एकोणिसाव्या दिवशी आरोही वळली. काहीच वेगळं नव्हतं. ऊन घोंगडीच्या काठापर्यंत आलेलं, तव्यावरच्या भाकरीचा वास. आम्ही दोघं पालथे. मी दमून कपाळ टेकलं होतं, डोळे मिटले होते, आज काही नको असं म्हणत. माझ्या उजव्या कानात एक आवाज आला. थुंकीचा बुडबुडा फुटतो तसा. फार जवळून. त्या कानात एवढ्या जवळून मला कधी कुणी बोललेलं नव्हतं. मी बघायला वळलो. जोर केला नाही, नुसता वळलो, कोणी आलं की वळतात तसा. आणि समोर ती. पुरी. दोन डोळे, नाक, ओली हनुवटी, सगळी माझ्याकडे. तिचा उजवा गाल घोंगडीवर चपटा झालेला आणि तिच्या तोंडावर एवढं आश्चर्य, की हा माणूस इतके दिवस इथेच होता? मी तिला पहिल्यांदा त्या बाजूनं पाहत होतो आणि ती मला. मग तिला हसू फुटलं, त्या हसण्याचं वजन तिला पेललं नाही आणि ती धपकन उताणी झाली. स्वतःची स्वतः. छताकडे बघत राहिली, कुणी केलं हे, असं. "तुळजाबाई!" मी ओरडलो. "बघितलं," त्या म्हणाल्या. "दोगांचंबी बघितलं." भाकरी करपली. त्यांनी ती उतरवली नाही. दारामागची पिशवी काढली, झबली एकेक करून बाहेर घेतली, फळीवर ठेवली, आणि रिकामी पिशवी झटकत म्हणाल्या, "शेंगा न्यायला लागंल ही. तुमच्याकडं लई झाल्यात."

डॉक्टरबाईंनी तीन आठवड्यांनी पुन्हा तेच सांगितलं. "घ्या बरं, आजोबा." मी उजवा हात वाकवला. आरोही त्यात बसली आणि डावीकडे मान फिरवून माझ्याकडे बघायला लागली, सदऱ्याचं बटण शोधत. डॉक्टरबाईंनी तिची मान दोन्हीकडे हळूच फिरवून पाहिली. "छान. संभाजीनगरची गरज नाही. अजून थोडे दिवस चालू ठेवा. आणि आता डावा हातही चालेल, आलटून पालटून." मी म्हटलं, "डॉक्टरबाई, एका पेशंटचं आणखी सांगायचं हाय," आणि माझी मान दाखवली. त्यांनी दोन बोटं माझ्या कानामागे ठेवली, त्या दोरीवर, आणि त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी मला दुसरा कागद दिलाच नाही. तोच चालेल म्हणाल्या.

खाली रिक्षा उभी होती. मी डावीकडे बसलो, सवयीनं. स्वप्नाली चढता चढता थांबली. आरोहीला तिनं माझ्या उजव्या हातात दिलं, आणि मग वळसा न घेता, माझ्या उजवीकडेच बसली. मी पुढे बघत होतो. फळांचे गाडे, टायरची दुकानं. मंडप उतरवला होता, त्या लग्नाला आता तीन आठवडे झाले होते. ती म्हणाली, "मामा." मी म्हटलं, "हं." "तिकडं न्हाई, हिकडं बघा." मी वळलो. कानामागं कट् असं वाजलं. ती हसत होती. डोळे भरलेले आणि हसत होती. "त्या दिवशीबी मी हितंच बसले होते," ती म्हणाली. "आशीच. दवाखान्यापास्नं घरापस्तोर. म्हणलं, मामा आता बघतील, मग बघतील. तुमी आपले गाडे मोजत." मी म्हटलं, "मला वाटलं, रुसलीस." "रुसंन कशाला वो? पंधरा दिस माझ्या डोळ्याला डोळा न्हवता. काय मोठं दुखणं निघतंय की म्हणून. अन् निघालं काय, तर मामांचा लाड!" मग तिनं बोटानं माझ्या सदऱ्याचं ओलं बटण पुसलं. "आईला म्हणलं ये, तर तुमचे हात दुखतेल म्हणून. ती पिशवी भरून बसली, तिचं ती जाणं." आरोही माझ्या हातावरून एकदा तिच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे, दोन्ही बाजूंना, जणू काही ते किती सोपं आहे. रिक्षा खड्ड्यातून गेली. मान दुखत होती. मी ती घर येईपर्यंत सरळ केली नाही.